ताईचं खोटं ऑपरेशन

ताई, तू गेल्याला आज सतरा दिवस झाले आणि आपलं भांडण अजून मिटलेलं नाही. माझ्या बाजूने मिटलंय, पण ते तुला सांगायचं राहिलं. म्हणून लिहायला बसलोय.

काल किलकेनीला, तुमच्या घरी, आलो होतो. भाऊजींनी स्वयंपाकघरातली वरची प्रेस उघडून तुझ्या गोळ्या खाली काढल्या. कपाटाला प्रेस म्हणायची सवय तूच आम्हा सगळ्यांना लावलीस. काही पाकिटं न फोडलेली, काहींतल्या चार-दोन गोळ्या गेलेल्या, आणि तो वेळेवर किणकिणणारा डबाही. सगळं पिशवीत भरून आम्ही फार्मसीत परत करून आलो. भाऊजी गाडीत येऊन बसले, पण पट्टा लावेनात. मग म्हणाले, "मिलिंद, भेटायला येणारा प्रत्येक माणूस म्हणतो, त्या ऑपरेशनचा काही उपयोग झाला नाही ना. मी हो म्हणतो. काय सांगत बसू त्यांना?"

त्यांना काय सांगायचं ते मला माहीत आहे. पण आधी तुला सांगायला हवं, कारण इतकी वर्षं मीही त्या लोकांसारखंच बोलत होतो आणि तू ऐकून घेत होतीस.

तुझं दुखणं पहिल्यांदा लक्षात आलं ते ब्रीडाच्या. तुम्ही दोघी दर बुधवारी कम्युनिटी हॉलमध्ये बॅडमिंटनची डबल्स खेळायचात. नागपूरला युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये खेळलेली तू, आणि तुझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, निवृत्त पोस्टमास्तरीण ब्रीडा. तिने एकदा तुला सांगितलं की तू पळतेस तेव्हा तुझा डावा हात हलतच नाही. तू ते हसण्यावारी नेलंस. वर्षभराने न्यूरॉलॉजिस्टने पार्किन्सन्स म्हणून सांगितलं तेव्हा तू सत्तेचाळीस वर्षांची होतीस आणि तुझी इरा पाचची. तू मला फोन केलास आणि सगळं इतकं नीट समजावून सांगितलंस, की फोन ठेवल्यावर मला वाटलं, ही कुठल्या तरी प्रोग्रॅममधल्या दोषाबद्दल बोलत होती. तुझं कामच ते. आधी लिमरिकच्या ऑफिसात आणि मग किलकेनीच्या घरातून, दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या. 'चालतंय' असं कोणी म्हटलं की तू विचारायचीस, "कशावरून?"

मी आयर्लंडमध्ये आलो तो तुझ्यामुळे. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करायचं तर इथे कर, असं तू म्हणालीस, विमानतळावर घ्यायला आलीस, पहिला जाड कोट तू घेऊन दिलास. शिकून झाल्यावर डब्लिनच्या क्लोनडॉकिन भागातल्या एका बिझनेस पार्कात मला नोकरी लागली. औषधांच्या चाचण्यांचे आकडे आमच्याकडे येतात आणि आम्ही त्यांचे तक्ते करतो. एका रकान्यात खरं औषध मिळालेले लोक, दुसऱ्या रकान्यात न मिळालेले. या दुसऱ्या रकान्याला कंट्रोल म्हणतात. त्या रकान्यातल्या एकाही माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं.

निदानानंतर पाच वर्षांनी तू ती पुस्तिका माझ्यासमोर ठेवलीस. डब्लिनमधल्या एका हॉस्पिटलात नव्या उपचाराची चाचणी होणार होती. कवटीला बारीक भोकं पाडून, नळ्या मेंदूत आतपर्यंत नेऊन औषध सोडायचं. पण निवडलेल्यांपैकी निम्म्यांनाच. उरलेल्या निम्म्यांचं ऑपरेशन खोटं. त्यांनाही थिएटरात नेणार, भूल देणार, डोकं भादरणार, कातडी कापून हाडाला अर्धवट खळगा पाडणार आणि टाके घालणार. आत काही जाणार नाही. कोणाचं काय झालं हे फक्त ऑपरेशन करणाऱ्यांना ठाऊक. पेशंटला नाही, नंतर तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. याला शॅम म्हणतात.

तू म्हणालीस, "वाच आणि यातल्या चुका काढ."

मी वाचली. चूक एकही नव्हती. गोळीची चाचणी करायची तर गोळीसारखीच दिसणारी साखरेची गोळी देता येते. ऑपरेशनची चाचणी करायची तर ऑपरेशनसारखंच काहीतरी करावं लागतं, दुसरा इलाज नाही. आणि पार्किन्सन्सच्या बाबतीत तर ते फारच गरजेचं. ज्या रसायनाच्या कमतरतेमुळे हा आजार होतो, ते डोपामीन नुसत्या आशेनेही मेंदूत जास्त पाझरतं. माणूस खरोखरच जरा बरा चालतो. मग सुधारणा औषधाने झाली की आशेने, हे खोट्या ऑपरेशनशिवाय कळणार कसं? हे सगळं मला तोंडपाठ होतं. तरीही मी म्हणालो, की ताई, तू जायचं नाहीस. फुकट कोणी डोक्याला भोक पाडून घेतं का?

तू पुस्तिका मिटलीस. "तुझ्या तक्त्यांमध्ये असे किती लोक असतात?"

"ते वेगळं."

"मग कोणाच्या बहिणीने जायचं, मिल्या?"

तू सही केलीस. ती सही मी पाहिली. अक्षर इतकं बारीक झालं होतं की 'विजया' हे मुंगी कागदावरून चालत गेल्यासारखं दिसत होतं.

ऑपरेशनच्या दिवशी भाऊजी आणि मी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये बसून होतो. भाऊजी एकच वर्तमानपत्र उलटसुलट वाचत होते. मी घड्याळ बघत होतो आणि स्वतःला दटावत होतो, की वेळेवरून काही कळणार नाही, दोन्ही गटांना सारखाच वेळ आत ठेवतात. तू बाहेर आलीस ती डोक्याला पट्टी बांधून, ओठ सुकलेले. भाऊजींनी विचारलं, कसं वाटतंय. तू म्हणालीस, भूक लागली आहे. नोरा नावाची चाचणीची नर्स चार टोस्ट घेऊन आली आणि तू चारही खाल्लेस.

पुढचं मी त्या वेळी पाहिलं, पण मान्य केलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात तू कार्डिगनची बटणं स्वतः लावलीस. दुसऱ्या महिन्यात वाणसामानाची यादी लिहिलीस आणि ती भाऊजींना चष्म्याशिवाय वाचता आली. त्यांनी ती दुकानातून परत आणून फ्रिजवर लावून ठेवली. चौथ्या महिन्यात तू रॅकेट घेऊन हॉलवर गेलीस. मी त्या दिवशी किलकेनीतच होतो, भाऊजींनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ब्रीडाने तुला सावकाश शटल टाकली आणि तू ती तिच्या पायाशी मारलीस. ब्रीडा कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि इराला म्हणाली की तो 'युअर मॅन', म्हणजे तो सर्जन, जादूगार असला पाहिजे. इरा बाकावरून, इथल्या मुलांसारखं आईला मॅम म्हणत, ओरडली, "गो ऑन, मॅम." तू हसलीस. खूप दिवसांनी तुझा चेहरा पूर्ण हसला होता. पार्किन्सन्समध्ये चेहऱ्यावरचे भाव हळूहळू थिजतात, आणि इतकी वर्षं ते बघता बघता आम्ही तुझं खरं हसू विसरलो होतो.

मी मात्र मनात टिपून ठेवत होतो, की हे औषधामुळेही होऊ शकतं आणि नुसत्या आशेमुळेही.

आठव्या महिन्यात, एका रविवारी सकाळी, तू माझ्या इमारतीखालून फोन केलास आणि विचारलंस की पाहुण्यांनी गाडी कुठे लावायची. दोन वर्षं स्टिअरिंगला हात न लावलेली तू किलकेनीहून मोटरवेने एकटी आली होतीस. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, ते कागद तू सोबत आणले होतेस, कारण मी विचारणार हे तुला ठाऊक होतं. माझ्या ओट्यावर उभं राहून तू थालीपीठं थापलीस. बोटांनी भोकं पाडत म्हणालीस की ऑफिसला कळवते आहे, पुढच्या महिन्यापासून पूर्ण वेळ काम करणार. वरच्या मजल्यावरची झोपायची खोली खाली आणायची म्हणून सुताराला सांगितलं होतं, त्यालाही नको म्हणून कळवते.

मला भीती वाटली. तीच मी शहाणपणाच्या भाषेत बोलून दाखवली.

"ताई, तुला खरं औषध मिळालंय असं धरून चालू नकोस. शॅमवाल्यांनाही असंच बरं वाटतं. हे सगळं प्लासीबो, नुसत्या आशेचा परिणाम, असू शकतं."

तू हात धुतलेस, पुसलेस. "अर्धी शक्यता आहे, हे मला माहीत नाही असं वाटतं का तुला?"

"मग खरंच बरी झाल्यासारखी का वागतेस?"

"कारण आज मी गाडी चालवत आले. ती कोणी चालवली, ते तू शोधत बस."

आपण ती थालीपीठं खाल्ली. तू भांडी विसळलीस आणि निघून गेलीस. पुढचे नऊ आठवडे आपण बोललो नाही.

त्या नऊ आठवड्यांत एकदा भाऊजींचा फोन आला. बोलता बोलता ते म्हणाले की संध्याकाळी विजूचा पाय जरा ओढतोय. चांगल्या आशेने माणूस सुधारतो तसा वाईट शब्दाने खालीही जातो, हे माझ्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. मला वाटलं, हे मी केलं. एका वाक्यात केलं. माफी मागावी म्हटलं तर तीही मागता येईना. माफी मागायची म्हणजे तुला सांगायचं, की तुझं बरं होणं इतकं हलकं होतं की माझ्या एका वाक्याने ते पडलं. म्हणून मी गप्प राहिलो, आणि तू समजलीस की मी ताठ्यात आहे.

अबोला तूच मोडलास. मेसेज आला: "बाराव्या महिन्याची तपासणी आहे. आदल्या दिवशी तुझ्याकडे येऊ का?" मी लिहिलं, ये. या तपासणीआधी गोळ्या बंद ठेवायच्या असतात, म्हणजे आजार आहे तसा दिसतो. सकाळी तुझे हात थरथरत होते. कोटाची बाही सापडत नव्हती. मी कोट धरून उभा राहिलो आणि मनात म्हणालो, बघ, काय करून ठेवलंस. हॉस्पिटलपर्यंत आपण फक्त ट्रॅफिकबद्दल बोललो.

निकाल सांगायला बोलावलं तेव्हा भाऊजी कामासाठी लिमरिकला होते. तू मला चल म्हणालीस. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. दोन्ही गट सुधारले होते आणि त्यांच्यात फरक सापडला नव्हता. त्यामुळे हा उपचार पुढे कोणालाच दिला जाणार नव्हता. आणि विजया, तुम्ही शॅम गटात होतात.

तू दोन प्रश्न विचारलेस. हाडातला खळगा किती खोल होता, हा पहिला. हाडाच्या आत गेलो नाही, मेंदूच्या आवरणाला धक्काही लागलेला नाही, असं ते म्हणाले. दुसरा प्रश्न, "मी सुधारले होते, हे तुमच्या नोंदींत आहे का?" डॉक्टर म्हणाले, आहे, अगदी ठळक आहे.

किलकेनीला परतताना वाटेतल्या कार्लो गावाच्या अलीकडे तू मला गाडी सर्व्हिस स्टेशनला घ्यायला सांगितलीस. मी चहा आणायला गेलो आणि परत आलो तर तू रडत होतीस. मी तुला रडताना त्याआधी एकदाच पाहिलं होतं, बाबा गेले तेव्हा. मी म्हणालो, ताई, त्यांनी तुला फसवायला नको होतं. मूर्खासारखं बोललो.

"मला कोणी फसवलेलं नाही," तू म्हणालीस. "विचारून, समजावून, सही घेऊन केलं सगळं. मी रडते कारण आता रांगेत पुढे काही नाही. मला वाटलं होतं, खोटं निघालं तर खरं मिळेल."

चहा गार झाला. मग तू चेहरा पुसलास आणि म्हणालीस की मला माझे व्हिडिओ बघायचे आहेत.

दर तपासणीला तुझं चालणं, उठणं, बोटं आपटणं याचं चित्रीकरण व्हायचं. तू पत्रं लिहिलीस, फॉर्म भरलेस, आणि सहा आठवड्यांनी नोराने आपल्याला एका छोट्या खोलीत स्क्रीनसमोर बसवलं. का कोण जाणे, तू याही वेळी भाऊजींना न नेता मला नेलंस.

पहिला व्हिडिओ ऑपरेशनच्या आधीचा, गोळ्या बंद असतानाचा. तू खुर्चीतून उठायचा प्रयत्न करतेस आणि मागे बसतेस. पुन्हा प्रयत्न करतेस, पुन्हा बसतेस. तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी खुर्ची दाबून उठतेस, आणि उभी राहिल्यावर पाय जमिनीला चिकटल्यासारखी थांबून राहतेस. मी हे कधीच पाहिलं नव्हतं. तू मला कधी दाखवलं नव्हतंस.

दुसरा सहा महिन्यांनंतरचा. छातीवर हातांची घडी घालून तू उठतेस. चालतेस, वळतेस, परत येतेस.

तिसरा व्हिडिओ सुरू झाल्याबरोबर तू नोराला थांबवायला सांगितलंस. मला म्हणालीस, "खाली कोपऱ्यात तारीख आहे. वाच."

मी वाचली. त्या रविवारनंतर चार महिन्यांची. ज्या सकाळी मी तुझा कोट धरला होता, तीच ती सकाळ. व्हिडिओ पुढे सरकला. हात थरथरत होते, ते मला आठवतच होते. पण तू हातांचा आधार न घेता पहिल्या प्रयत्नात उठलीस आणि खोलीच्या टोकापर्यंत न थांबता गेलीस.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी नवख्यांना शिकवत आलो, की आधीची स्थिती माहीत नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ नाही. आणि माझ्या स्वतःच्या बहिणीला मी गोळ्यांशिवाय त्याआधी पाहिलंच नव्हतं. त्या सकाळी मला दिसली ती पडझड. प्रत्यक्षात तू तुझ्या जुन्या स्थितीपेक्षा कितीतरी वर होतीस. मी काहीच पाडलं नव्हतं. तुझा पाय पुन्हा ओढू लागला होता, ते खरं होतं. पण तो आजार त्याच्या चालीने परत येत होता, माझ्या वाक्याने नव्हे.

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. नोराचे आभार मानलेस, कोट घातलास. तू मला हे दाखवायलाच तिथे नेलं होतंस का, ताई? भाऊजींनी फोनवर पायाचं सांगितलं ते तुझ्या कानावर होतं का? मी मनात काय घेऊन बसलो होतो, ते तू ओळखलं होतंस का? हे विचारायला मला चार वर्षं मिळाली आणि मी विचारलं नाही. आता उत्तर मीच ठरवतो. होय, त्यासाठीच नेलं होतंस. माझी खात्री आहे.

त्यानंतर तू घरात बसून राहशील असं सगळ्यांना वाटलं होतं. तू पेशंटांची प्रतिनिधी म्हणून एका समितीवर गेलीस. नव्या चाचण्यांच्या माहितीपुस्तिका तपासणारी समिती. आवाज बारीक झाला होता, तर तू मुद्दे आधीच टाइप करून न्यायचीस, आणि डाव्या हाताला कंप म्हणून तो मांडीखाली दाबून बसायचीस, हे भाऊजींनी मला सांगितलं. पहिल्याच बैठकीत तू म्हणालीस, की कोणाला काय मिळालं हे पत्राने कळवू नका, समोर बसवून सांगा. ते लगेच मान्य झालं. मग तू एक वाक्य पुढे केलंस: शॅम गटातले लोकही बरे होऊ शकतात, आणि ते बरं होणं खोटं नसतं. त्यावर दोन बैठका चालल्या. शेवटी ठरलं ते असं, की शॅम गटातल्या लोकांच्या हालचालींतही मोजता येईल अशी सुधारणा दिसू शकते. तू फोन करून म्हणालीस, "अर्धं जिंकले."

मी म्हणालो की समितीचं बरोबर आहे. 'बरं होणं' हा शब्द शास्त्रात बसत नाही.

"मग माझं काय झालं होतं?"

"सुधारणा नोंदवली गेली होती."

तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला आणि भाऊजींनी फोन घेऊन मला झापलं. पण तू वाद सोडला नाहीस. पुढे प्रत्येक भेटीत, 'काय रे, चहा झाला का' म्हणण्याऐवजी 'चहा नोंदवला गेला का' असं विचारायचीस. शेवटच्या उन्हाळ्यापर्यंत. मी हसून सोडून द्यायचो.

त्या उन्हाळ्यात तुला गिळायला त्रास होऊ लागला. जेवण वाटून द्यावं लागे, पाणी घट्ट करून. तू एकदा बाथरूममध्ये पडलीस, मग घरातल्या हॉलमध्ये. इरा सोळाची झाली आहे. ती शाळेतून आली की तुझ्या पायांना क्रीम चोळत दिवसभराचं सांगायची. ती तिच्या इंग्लिशमध्ये, तू तुझ्या मराठीत, आणि कोणाचं काही अडत नव्हतं. त्याच दिवसांत तू मेंदू दान करायचा फॉर्म मागवलास. भाऊजींनी सही करायला दोन दिवस घेतले. नागपूरला आईला कसं सांगायचं या चिंतेत आम्ही दोघं होतो, आणि तू सरळ व्हिडिओ कॉल लावून सांगून टाकलंस. आई म्हणाली, "तुझं तू ठरवलंस ना? मग झालं." आणि जेवलीस का म्हणून विचारलं.

शेवटचा आठवडा किलकेनीच्या हॉस्पिटलात गेला. छातीत संसर्ग झाला होता आणि तू थकली होतीस. ब्रीडा रोज सकाळी फ्लास्क घेऊन यायची, तुला चहा चालत नसला तरी. तू गेलीस तेव्हा सकाळचे दहा वाजत आले होते, बाहेर लख्ख ऊन होतं आणि इराने तुझा डावा हात धरला होता. तो हात शांत होता. भाऊजी तुझ्या कपाळावरून हात फिरवत राहिले, टाक्यांच्या खुणा केसांत जिथे होत्या तिथपर्यंत.

मेंदू दानाला फार वेळ घालवता येत नाही. दुपारी दान घेणाऱ्या संस्थेचा फोन आला. भाऊजी बोलण्याच्या स्थितीत नव्हते, त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीपाशी गेलो. फोनवरची बाई मायाळू होती. म्हणाली, थोडे प्रश्न विचारावे लागतील, थांबावंसं वाटलं तर सांगा. आजार कोणत्या बाजूने सुरू झाला, डावीकडून. कोणत्या गोळ्या, किती वर्षं. वास जाणं, झोप, पडणं. मी एकेक सांगत गेलो, स्वतःच्याच ऑफिसातला फॉर्म भरल्यासारखा.

मग तिने विचारलं, "पार्किन्सन्ससाठी काही शस्त्रक्रिया झाली होती का?"

मी म्हणालो, झाली होती, एका चाचणीत. शॅम.

"म्हणजे मी 'नाही' लिहिते."

"नको," मी म्हणालो. "हो लिहा. शॅम, असं पुढे लिहा."

टाइप केल्याचा आवाज आला. पुढचा प्रश्न तिच्या फॉर्ममध्ये होताच. "फायदा झाला होता का?"

खिडकीतून पार्किंग दिसत होतं. भाऊजींची गाडी, तिच्या शेजारी ब्रीडाची. मला नेहमीचं वाक्य येत होतं. सुधारणा नोंदवली गेली होती. ते ओठापर्यंत आलंही.

"ती बरी झाली होती," मी म्हणालो. "वर्षभराहून जास्त. ती गाडी चालवत होती, लिहीत होती, खेळत होती. मग आजार परत आला. पण ती बरी झाली होती."

"असंच लिहू?"

"असंच लिहा."

पुन्हा टाइप केल्याचा आवाज. "ग्रँड, लिहिलं," ती 'ठीक आहे' म्हणावं तसं म्हणाली.

ताई, मी तिला ते वाचून दाखवायला सांगितलं. तिने वाचून दाखवलं.